एकाच प्राध्यापकाचे हाताची शस्त्रक्रिया, फायनान्शियल मॉडेलिंग आणि सिग्नल प्रोसेसिंग अशा तिन्ही विषयांत शोधनिबंध कसे असू शकतात?

तुम्ही लिहिलंय की पीएच.डी.साठी गाइड शोधताना एका प्राध्यापकांची यादी पाहिली. त्यात एक निबंध मनगटातल्या नसेवर (म्हणजे मज्जातंतूवर), एक ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या) किमतींवर आणि एक वेव्हलेटवर (सिग्नलचे लहान-मोठ्या लाटांत तुकडे पाडण्याच्या पद्धतीवर). ‘हा माणूस खरा की बनावट, आणि याच्याकडे जावं का?’ असा तुमचा प्रश्न. मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि माझी स्वतःची यादीही जरा अशीच विचित्र आहे: हाताचे स्नायू आणि कांद्याचे भाव. त्यामुळे उत्तर द्यायला मी एकतर अगदी योग्य माणूस आहे किंवा अगदीच अयोग्य.

आधी एक साधी शंका फेडून घ्या. ती तीन वेगवेगळी माणसं तर नाहीत ना? ‘एस. एस. पाटील’ महाराष्ट्रात किती असतील याचा हिशेब कुणी करू नये. शोधनिबंधांच्या याद्या बनवणारी यंत्रणा नावावरून माणसं एकत्र करते आणि सर्जन पाटील, वाणिज्यवाले पाटील आणि आमच्यासारखे पाटील एकाच फोटोखाली येऊन बसतात. यासाठीच 2012पासून ऑर्किड (ORCID) नावाचा, प्रत्येक संशोधकाला वेगळा असा 16 आकडी क्रमांक आहे. त्या क्रमांकाखाली तिन्ही निबंध असतील तर पुढे वाचा.

माणूस एकच असेल तर बहुतेक वेळा तो तीन विषयांत काम करत नसतोच. त्याचा विषय एकच असतो, गोंगाट.

अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, त्यावर दोन इलेक्ट्रोड चिकटवा आणि अंगठा उचलायला सांगा. पडद्यावर जे दिसतं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला निव्वळ खरखर वाटतं. रेघ शून्याच्या वर-खाली वेड्यासारखी उड्या मारते. सरासरी काढलीत तर शून्य येतं, म्हणजे सरासरीतून काहीच कळत नाही. माहिती असते ती उड्यांच्या उंचीत. जोर कमी तेव्हा खरखर बारीक, जोर लावला की जाड. म्हणून आम्ही छोटी छोटी खिडकी, म्हणजे नोंदीचा लहानसा तुकडा, घेतो, तेवढ्यातल्या आकड्यांचा वर्ग करतो, सरासरी काढतो, वर्गमूळ घेतो. खरखरीवर एक गुळगुळीत पांघरूण तयार होतं आणि ते पांघरूण म्हणजे स्नायूचा जोर.

आता कांद्याचा, शेअरचा, कशाचाही रोजचा भाव घ्या आणि आज कालच्यापेक्षा किती टक्के हलला ते काढा. पुन्हा तीच खरखर. सरासरी शून्याच्या आसपास आणि खरी माहिती उड्यांच्या उंचीत. शांत दिवस शांत दिवसांना चिकटून येतात, धडधडीचे दिवस धडधडीच्या दिवसांना. त्यावर तेच पांघरूण घातलं की बाजारवाले त्याला व्होलॅटिलिटी म्हणतात. सूत्र अक्षरशः तेच, फक्त चलांची नावं बदलायची. मोठ्या उडीमागून मोठी उडी येते हे गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी 1963मध्ये एका जिनसाच्या भावांवरून नोंदवलं होतं. ती जिन्नस होती कापूस, आणि गिरण्यांच्या गावात राहणारा मी वर्गात हे दरवर्षी मुद्दाम सांगतो. पुढे अर्थशास्त्रज्ञ एंगल यांनी 1982मध्ये त्याचं रीतसर मॉडेल केलं आणि 2003मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

ही सरमिसळ आजची नाही. नॉर्बर्ट वीनर या एकाच गणितज्ञाचं नाव तिन्ही ठिकाणी सापडतं. 1923मध्ये त्यांनी यादृच्छिक हालचालीचं जे गणित पक्कं केलं, त्यावर ऑप्शनची किंमत काढणारं 1973चं ब्लॅक-शोल्स समीकरण उभं आहे. गोंगाटातून संदेश वेगळा काढणारा वीनर फिल्टर आम्ही अजून शिकवतो. आणि दंडाच्या उरलेल्या स्नायूंच्या विजेवर कृत्रिम हात चालवता येईल, ही कल्पना धरून बसलेल्यांतही ते होते. 1960च्या दशकात बॉस्टनमध्ये तसा हात तयारही झाला.

तेव्हा असा माणूस असणं शक्य आहे. पण सूत्र तेच असलं तरी जमीन वेगळी असते, आणि तिथेच माझ्यासारखे लोक तोंडावर आपटतात. मी आपटलोय.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका रुग्णालयात हाताच्या सर्जनबरोबर आम्ही नोंदी घेत होतो. यंत्रमागावर काम करणारा एक मुलगा आला. खिडकीच्या काचेने कोपराखाली हात कापलेला, बाहेर कुठे तरी वरवर टाके घालून पाठवलेला, तिसरा दिवस. अंगठा तळहातापासून वर उचलता येत नव्हता. सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते, म्हणाले तोवर तुम्ही नोंद घेऊन ठेवा. मी मनगटाशी नसेला विजेचा हलका झटका दिला आणि अंगठ्याच्या स्नायूवर सुंदर, भरघोस लाट आली. मी त्याच्या आईला सांगूनही टाकलं की नस शाबूत दिसते.

सर्जन आले, कागद पाहिला आणि म्हणाले, “अहो प्रोफेसर, दिवा लागला हे बरोबर. पण बॅटरी तुम्ही तुटलेल्या जागेच्या पुढे जोडलीय.”

नस तुटली तरी तुटलेल्या जागेच्या पलीकडचा भाग लगेच मरत नाही. काही दिवस तो झटक्याला उत्तर देत राहतो आणि आठवडाभरात गप्प होतो. स्नायूत नस गेल्याच्या खुणा सुईच्या तपासणीत दिसायलाही साधारण दोन-तीन आठवडे जातात. त्यांनी जखमेच्या वरून झटका द्यायला लावला. सपाट रेघ. उघडून पाहिलं तर नस पूर्ण तुटलेली. माझं गणित, फिल्टर, सॅम्पलिंग सगळं निर्दोष होतं, फक्त उत्तर उलटं होतं. त्या आईसमोर पुन्हा जाऊन बोलताना काय झालं ते इथे लिहीत नाही.

शिवल्यावर नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकते. त्या मुलाची जखम अंगठ्याच्या स्नायूपासून वीतभर वर होती, म्हणजे सहा महिन्यांची बात. तो दर महिन्याला येऊन हात टेबलावर ठेवायचा. सहाव्या महिन्यात खरखरीत पहिल्यांदा दोन-चार टोकं उठली, तो जोर लावेल तेव्हाच. अंगठा मात्र हललेला डोळ्यांना दिसत नव्हता. तो पडद्याकडे बघून म्हणाला, “सर, तुमच्या कॉम्प्युटरला दिसालंय, मला दिसंना की अजून.” अंगठा खरोखर उचलला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

बाजाराची फजिती वेगळ्या तऱ्हेची. माझ्या एका विद्यार्थ्याने मार्केट यार्डातल्या कांद्याच्या भावांवर आमचाच फिल्टर लावला आणि उद्याचा भाव चढेल की उतरेल हे भलतंच अचूक सांगायला लागला. आम्ही हवेत. माझा मेहुणा अडत दुकानात बसतो, त्याला कौतुकाने दाखवलं. त्याने दोन मिनिटं आलेख पाहिला आणि म्हणाला, “दाजी, ही रेघ भाव वळायच्या आधीच वळतीय की. उद्याची पट्टी बघून आजचा अंदाज सांगायला मलाबी येतंय.”

स्नायूची नोंद घरी आणून आम्ही ती फिल्टरमधून एकदा पुढून आणि एकदा मागून काढतो, म्हणजे लाट जागची सरकत नाही. नोंद पूर्ण झालेली असल्याने त्यात काही गैर नाही. बाजारात मात्र मागून काढणं म्हणजे भविष्यात डोकावणं. पुढून-एकदाच असा फिल्टर लावल्यावर आमची अचूकता नाणं उडवण्याइतकी उरली. आकड्यांचीही गोष्ट बघा. स्नायूचे आम्ही सेकंदाला दोन हजार आकडे घेतो, दहा सेकंदांत वीस हजार. रोज एक भाव आणि वर्षाला बाजाराचे तीनशे दिवस धरले तर तेवढे आकडे जमायला जवळपास सदुसष्ट वर्षं लागतील. शिवाय स्नायूला सरकारी अधिसूचना येत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यातबंदी झाली, तीही नेमकी आमच्या यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते त्या दिवसांत. भाव कोसळले. आधीच्या दहा वर्षांच्या खरखरीत त्या दिवसाची चाहूल कुठून असणार?

आता तुमच्या प्राध्यापकांकडे वळू. त्यांच्या वैद्यकीय निबंधात सहलेखकांमध्ये प्रत्यक्ष रुग्ण पाहणारा कुणी आहे का आणि एथिक्स कमिटीच्या (रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा उल्लेख आहे का, ते पाहा. रुग्णांवर केलेलं काम आणि मंजुरीचं नाव नाही, तर उठून यायचं. फायनान्सच्या निबंधात मॉडेल जुळवायला वापरलेले दिवस आणि तपासायला वापरलेले दिवस वेगळे आहेत का, ते बघा. वेव्हलेटचा निबंध सगळ्यात शेवटी वाचा, तो बहुधा चांगलाच असेल. आणि भेटायला गेलात की एकच विचारा: “सर, या कामात तुमचं कुठे चुकलं?” माझ्या अनुभवात ज्यांनी खरंच हात घातलेला असतो ते खुर्ची पुढे ओढून अर्धा तास सांगतात. नुसतं नाव घातलेले चहा मागवतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की सोलापुरात राहून असं काही करता येईल का. येईल. मेडिकल कॉलेज, इंजिनीअरिंगची कॉलेजं आणि मार्केट यार्ड एका रिक्षाच्या अंतरात आहेत, ही सोय मोठ्या शहरांत नाही. हाताच्या नोंदी घेणार असाल तर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेली खोली घेऊ नका. विजेच्या तारांमधली 50 हर्ट्झची गुणगुण इलेक्ट्रोडमध्ये घुसते, आणि ती फिल्टरने कापायला गेलात तर स्नायूचा त्याच पट्ट्यातला भागही कापला जातो. आधी कातडी नीट पुसा, अर्थिंगचा इलेक्ट्रोड बदला, मग फिल्टरचा विचार करा. आणि कांद्याचे भाव घेणार असाल तर इथल्या गड्डा यात्रेच्या, संक्रांतीच्या सुट्टीचे दिवस शून्य म्हणून भरू नका. आम्ही भरले होते, आणि दर जानेवारीत आमच्या मॉडेलला कांदा फुकट मिळत होता.