भ्रूणातल्या पेशी एकमेकींना चिकटतात म्हणून अवयव घडतात का? कोणी कुठे जायचं हे त्यांना कसं कळतं?

बऱ्याच अंशी हो. फक्त हे चिकटणं डिंकासारखं समजू नका. कोणाला धरायचं, किती घट्ट आणि कधी सोडायचं, हे पेशी सतत बदलत असतात.

मला हे पटलं ते उंदराचा अडीच दिवसांचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा. आठ पेशी, आठ सुटे गोळे, प्रत्येकीची कड स्पष्ट. काही तासांनी पाहिलं तर कडा गायब! पेशी एकमेकींवर दाबून चपट्या झालेल्या, सगळ्यांचा मिळून एक गुळगुळीत गोळा. भोवतीच्या द्रवातलं कॅल्शियम काढलं की त्या परत सुट्या होतात, घातलं की पुन्हा बिलगतात. हे काम कॅडहेरिन या प्रथिनाचं. ते पेशीच्या पृष्ठभागावरून बाहेर आलेलं असतं, शेजारणीवरच्या तशाच प्रथिनाला धरतं, आणि कॅल्शियम नसेल तर ती पकड सुटते. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी ही प्रथिनं शोधली. या बिलगण्यानंतरच्या विभाजनांत काही पेशी आत जातात, काही बाहेर राहतात. बाहेरच्यांपासून पुढे वारेचा भाग बनतो, आतल्यांपासून पिल्लू.

आता जागेबद्दल. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या करून मिसळल्या. पेशींनी स्वतःच निवड केली: त्वचेच्या पेशी बाहेर, आतड्याच्या पेशी आत, स्नायू-हाडांच्या पेशी मधे. म्हणजे नकाशा हातात नसतानाही थर लागले! नंतर माल्कम स्टाइनबर्ग यांनी याचं कारण सुचवलं: जास्त घट्ट धरणाऱ्या पेशी आत गोळा होतात, सैल धरणाऱ्या त्यांना वेढतात, जसे न मिसळणारे दोन द्रव वेगळे होतात. एकच कॅडहेरिन, फक्त कमी-जास्त प्रमाणात दिलं, तरी पेशी अशाच वेगळ्या होतात. मात्र सगळं श्रेय चिकटण्याला देणं मला बरोबर वाटत नाही. पेशीच्या सालीखालचं ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं जाळं किती ताणलेलं आहे, यावरही बरंच ठरतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते सोडणं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, तिच्या पेशी वळताना ई-कॅडहेरिन हा एक प्रकार टाकून एन-कॅडहेरिन हा दुसरा प्रकार घेतात, आणि वरच्या त्वचेपासून अलग होतात. त्याच नळीच्या माथ्यावरच्या काही पेशी तर शेजारणींवरची पकड सैल करून दूरच्या प्रवासाला निघतात. चेहऱ्याची बरीचशी हाडं आणि त्वचेतल्या रंगपेशी त्यांच्यापासूनच होतात.