ग्रहमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर 1 या नासाच्या यानावरून सूर्य आता चारचौघांसारखा एक तारा दिसत असेल का? कॅमेरे पुन्हा चालू करून तो बघता येईल का?

चारचौघांसारखा? मुळीच नाही. याच मुद्द्यावरून माझं एक चित्र माझ्या डोळ्यांदेखत बिघडवलं गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या खगोलप्रेमींच्या गटाने प्रदर्शन भरवलं होतं. व्हॉयेजरची फळी माझ्याकडे होती. सहा बाय चारचा प्लायवूड, काळ्या रंगाचे तीन हात. त्यावर यान बाजूने काढलं. पृथ्वीशी संपर्क ठेवणाऱ्या अँटेनाची 3.7 मीटरची पांढरी तबकडी, तिच्यामागे यानाचा गाभा आणि बाहेर निघालेल्या लांब दांड्या. तबकडीच्या तोंडावर लख्ख उजेड आणि मागे तिची सावली. दांडीवर ती सावली जिथे संपते ती कड मी मास्किंग टेप लावून मारली होती, सुरीने कापल्यासारखी. या एका कडेला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गटातले एक ज्येष्ठ आले. त्यांना सगळे सर म्हणत. ते म्हणाले, "एवढ्या लांब सावली कसली पडते? तिथे नुसता काळोख." आणि एका मुलाकडून राखाडी रंग कालवून घेऊन ती कड पुसून टाकली. सूर्याचाही बाकीच्या ताऱ्यांएवढा ठिपका करून टाकला. मी वाद घातला, तर त्यांनी 1990 चा फोटो पुढे केला: "बघ, एवढासा तर दिसतोय."

आता त्या फोटोचंच घ्या. 14 फेब्रुवारी 1990 ला व्हॉयेजर 1 ने सुमारे 600 कोटी किलोमीटरवरून मागे वळून ग्रहमालेचे 60 फोटो काढले. त्यातला सूर्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याचा सगळ्यात गडद फिल्टर लावला होता आणि एक्सपोजर होतं सेकंदाचे फक्त पाच सहस्रांश, म्हणजे त्या कॅमेऱ्याला जमणारं सगळ्यात कमी. का? तर सूर्याच्या उजेडाने कॅमेऱ्याची नळी दिपून जाऊ नये म्हणून. एवढं करूनही त्याच्याभोवती किरणांचा पसारा आलाच. तो सूर्याचा नाही, कॅमेऱ्याच्या भिंगासमोर बसवलेल्या कॅलिब्रेशनच्या दिव्यामुळे पसरलेला उजेड आहे. तेव्हा तिथून सूर्य व्याधापेक्षा, म्हणजे आपल्या रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यापेक्षा, सुमारे 80 लाख पट तेजस्वी होता. काळा चष्मा लावून काढलेला फोटो दाखवून "बघा किती अंधार" म्हणायचं, याला मी पुरावा मानत नाही.

आकार लहान होतो, हे खरं. त्या अंतरावरून सूर्याचा व्यास आपल्याला दिसतो त्याच्या चाळिसाव्या भागाएवढा. काळ्या पुठ्ठ्याला 1 मिलिमीटरचं भोक पाडा, मागे उजेड ठेवा आणि सव्वाचार मीटरवरून बघा. तेवढा. आज यान याच्या चौपटीहून लांब आहे, त्यामुळे डोळ्याला सूर्याची गोल चकती दिसणार नाही, बिंदूच दिसेल. पण तो बिंदू पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे 14 पट उजेड देतो. चंद्राची सावली पडते, तर याची का पडू नये? उलट जास्त रेखीव पडेल. आपल्याकडे वस्तूपासून मीटरभर लांब पडलेल्या सावलीची कड जवळजवळ 9 मिलिमीटर धूसर असते, कारण सूर्याला रुंदी आहे. तिथे ती रुंदीच उरलेली नाही, मग उपच्छाया, म्हणजे ती धूसर कड, कुठून येणार?

आणि सरांना तेव्हा सांगता आलं नाही ते इथे सांगतो, कारण मला ते नंतर कळलं. यानाची तबकडी कायम पृथ्वीकडे रोखलेली असते. इतक्या लांबून पृथ्वी सूर्यापासून अर्धा अंशही बाजूला जात नाही. म्हणजे तबकडी सूर्याकडेही बघत असते आणि यानाचा गाभा तिच्या सावलीत. म्हणून तर यानाच्या सूर्यवेधी सेन्सरला बाहेर बघायला तबकडीतच फट ठेवलेली आहे. दिशा पक्की ठेवायला तो सूर्य धरतो, आणि दुसरं उपकरण एखादा तारा धरतं. त्या उपकरणाला नावच अगस्त्य (कॅनोपस) ताऱ्याचं दिलंय. यानाला सूर्य अजून वेगळा ओळखता येतो.

"एवढ्या लांब सावली कसली?" असं तुम्हाला कुणी ऐकवलं तर पौर्णिमेला त्यांना गच्चीवर न्या, हाताची सावली दाखवा. मी सरांना बोलावलं होतं. ते आले नाहीत.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर ते त्याच फोटोंनंतर बंद केले, चालवायचं सॉफ्टवेअरही यानातून काढलं, आणि वीज दरवर्षी घटतेय. तेव्हा नाही.

एक सांगायचं राहिलं. वरचे आजचे आकडे सुमारे 170 खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 170 पट, अंतर धरून आहेत. "साधा तारा" हे कधीतरी खरं होईलच: पावणेदोन-दोन प्रकाशवर्षांवर सूर्य व्याधाएवढा होतो, आणि मित्र (अल्फा सेंटॉरी) या शेजारच्या ताऱ्यावरून पाहिला तर शर्मिष्ठा तारकासमूहात एक जादा तारा म्हणून दिसेल. पण व्हॉयेजर अजून एक प्रकाशदिवसाच्या आसपास आहे. आज तिथून सूर्य शोधायचा तर मृगाच्या पायाशी, राजन्य (रायजेल) ताऱ्याच्या जवळ बघायचं. शोधावा लागणारच नाही म्हणा.

प्रदर्शन संपल्यावर ती फळी मी घरी आणली. राखाडी थर ब्लेडने खरवडला, खाली टेपची कड शाबूत होती. सूर्य मात्र पुन्हा रंगवावा लागला.