नवी टाकी होते, जुनी पाइपलाइन का नाही?

प्रश्न : गावात जलजीवनमधून नवी टाकी झाली, पण जुनी पाइपलाइन दोन ठिकाणी गळतेय तिला कुणी हात लावत नाही, विचारलं की निधी नाही म्हणतात. केंद्राचा पैसा आला की राज्य सरकार नव्या कामांच्याच मागे का लागतं?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : कारण पैसा ज्या अटीवर येतो तिकडेच खर्च वळतो. जलजीवनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा 50:50 आहे, म्हणजे राज्याने 50 पैसे घातले की 1 रुपयाचं काम होतं, शाळांसाठीच्या समग्र शिक्षा अभियानात तर 60:40, तिथे 40 पैशांतच भागतं. आणि दुरुस्ती? त्यातला रुपयान् रुपया स्वतःच्या खिशातून, वर पंपाचं लाइटबिल जलजीवनच्या पैशातून भरता येत नाही, ते ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून भरायचं असा नियम आहे. मग बजेट करताना अर्थखातं आधी कुठे पैसे टाकणार, सांगा. आपला वाटा भरला नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता अडकतो, त्यामुळे हातातली मोकळी रक्कमही तिकडेच जाते आणि दुरुस्ती मागे पडते. मला हे अजिबात पटत नाही, गावाची गरज गावाला ठाऊक असते, दिल्लीच्या योजनेला नाही.

मग सगळा पैसा बिनअटीचाच द्यावा का? केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा तसाच येतो, त्याचं वाटप सुचवणाऱ्या 15व्या वित्त आयोगाने तो 41 टक्के ठेवला होता आणि त्यात महाराष्ट्राला 6.317 टक्के होते, हा पैसा कुठे घालायचा ते राज्य ठरवतं. पण वाटपाच्या सूत्रात करवसुलीच्या प्रयत्नाला फक्त 2.5 टक्के वजन होतं आणि दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला 45 टक्के. गरीब राज्यांना जास्त मिळावं हे मला मान्यच आहे, बिहारच्या मुलालाही चांगली शाळा हवीच की, फक्त वसुली नीट करणाऱ्याला अजून थोडं वजन द्यायला हवं होतं. जीएसटी भरपाईचंही तसंच, जून 2022 पर्यंत राज्यांना वर्षाला 14 टक्के वाढीची हमी होती, वसुली कमी पडली तरी फरक भरून मिळणार, मग चुकवेगिरीच्या मागे जीव तोडून कोण लागणार?

तुमच्या पाइपलाइनचं मात्र होऊ शकतं. 15व्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला येत होता, त्यातला 60 टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि पाणीपुरवठ्याची देखभाल-दुरुस्ती त्यात बसते. त्यातलं किती शिल्लक आहे आणि विकास आराखड्यात तुमची पाइपलाइन धरली होती का, हे ग्रामसभेत विचारा. ग्रामसेवक टाळाटाळ करत असतील तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि खर्च दोन्ही बघायला मिळतात, प्रिंट काढूनच सभेला जा.