फी झेपत नाही, हे मुलीला सांगायचं का?

बारावीचा निकाल आणि कॅप राउंड (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या) यांच्या मधल्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. पालकांना वाटतं, पैशांचं कळलं की अभ्यासावरून मन उडेल. माझ्या मते सांगावं, पण आधी आकडा स्वतःला नीट कळलेला असावा.

सिन्नरकडचं एक कुटुंब, ओळख पटेल ते सगळं बदललंय. वडील वर्कशॉपमध्ये टर्नर, आई शिवणकाम करते. मुलीला सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, चांगले पर्सेंटाइल. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा ध्यास घेतलेली ही पोर एकाएकी "मी इथंच बीएस्सी करते" म्हणू लागली. "हिचा कॉन्फिडन्स गेलाय मॅडम," वडील म्हणाले.

मुलीशी एकटीशी बोलले. कॉन्फिडन्स जागच्या जागी होता. रात्री आईवडील दबक्या आवाजात बोलायचे, त्यातला 'गहाण' हा शब्द तिनं ऐकला आणि घरच गहाण पडणार असं धरून बसली. बोलणं आईच्या पाटल्यांचं चाललेलं होतं.

मग तिघांना एकत्र बसवलं. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. एका एजंटानं लिहून दिलेला चार वर्षांचा एकच ठोक आकडा, तोही मॅनेजमेंट कोट्याचा, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं त्या जागेचा. "आत्ताच जागा धरा, नंतर मिळणार नाही," असा वर दम. (या मंडळींना जून-जुलैत फार घाई असते.) त्यात शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, हॉस्टेल-मेस किती, कुणालाच माहीत नव्हतं.

हे कुटुंब ओबीसी, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट एकच, पण मोठी : प्रवेश कॅपमधून हवा. म्हणजे एजंटाचं ऐकलं असतं, तर पाटल्याही गेल्या असत्या आणि माफीही. विकास शुल्क, पुस्तकं, राहणं-खाणं मात्र घरूनच. त्याला कमी पडलं तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. हेही मुलीसमोरच सांगितलं, कारण ते कर्ज तिच्याच नावावर असणार.

तिनं पेन मागून घेतलं. कागदाच्या पाठीमागं नवा हिशेब मांडला. कॅपच्या पसंतीक्रमात पुण्याची कॉलेजं खाली ढकलली, नाशिकची वर घेतली. एसटीच्या पासात भागतं, हॉस्टेल वाचतं. वडील गप्पच होते. मग म्हणाले, "एवढं हिला कळतं, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?"

सध्या घरात एकच धावपळ आहे : कागदपत्रं तपासायच्या आत नॉन-क्रिमीलेअर दाखला (ओबीसीतल्या उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा) हातात यायला हवा. सेतू केंद्राच्या रांगेत मुलगी स्वतःच उभी राहते.