वेळापत्रक वाईट आठवड्यासाठी कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागून वर्ष झालं. कॉलेजात रोज धावणारा तू आता पंधरा-पंधरा दिवस धावायच्या बुटांना हात लावत नाहीस आणि त्याचं खापर स्वतःच्या आळसावर फोडतोस. मला ते मुळीच पटत नाही. आळशी माणूस रात्री साडेदहाला प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू सॉफ्टवेअरचा, घोळ निस्तरत बसत नाही. चुकलंय ते वेळापत्रक. तू ते अशा आठवड्यासाठी केलंस ज्यात रिलीज (नवी आवृत्ती बाहेर काढणं) नाही, ऑन-कॉल (बिघाडाचा अलर्ट आला की रात्रीही उठायची पाळी) नाही आणि वाकडला बस तासभर अडकत नाही. असा आठवडा क्वचित येतो. वेळापत्रक वाईट आठवड्यासाठी करावं. चांगल्या आठवड्यात थोडं जास्त होईल, तेवढाच आनंद.

आधी घड्याळाचं बघू. तुमचा क्लायंट न्यूयॉर्कचा आणि स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, तिथल्या सकाळी साडेनऊचा. उन्हाळ्यात तो आपल्याकडे संध्याकाळी सातला होतो, म्हणून तू आठची जिम धरलीस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे गेली आणि स्टँड-अप बरोबर तुझ्या जिमच्या वेळेवर येऊन बसला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा सातवर जाईल. तुझ्यासारखी कितीतरी मुलं मी दर हिवाळ्यात जिम सोडताना पाहिली आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाच निश्चय कच्चा. अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर संध्याकाळवर व्यायाम टाकूच नकोस. सकाळी सातला तिथली ऑफिसं बंद झालेली असतात. पावणेसात ते साडेसात ही वेळ कॅलेंडरवर अडवून ठेव, रीतसर, मीटिंगसारखी.

पण सकाळ मिळते ती आदल्या रात्रीच्या जोरावर. सात तास झोप हवीच. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं जवळजवळ निम्मं कॅफीन दोन वाजताही अंगात असतं, तेव्हा कॉलच्या वेळी हातात कप हवाच असेल तर ताक घे. आणि ऑन-कॉलच्या रात्री दोनदा अलर्ट आला असेल तर दुसऱ्या दिवशी धावू नकोस. सोसायटीत वीस मिनिटं चाल आणि घरी ये. अर्धवट झोपेवर दामटून धावल्याने पाय दुखावतो आणि मग महिना जातो.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा. आधीच्या, २०१० सालच्या मार्गदर्शनात एका वेळी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. आपल्या धंद्यातल्या माणसांसाठी मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. दोन मीटिंगांच्या मधे पाच मजले जिना चढलास तर तोही हिशेबात धरायचा. रिलीजच्या आठवड्यात एवढंच झालं तरी चालेल, शून्य मात्र होऊ देऊ नकोस.

ताकदीसाठी मशीन लागतं हा समज सोडून दे. आपल्याकडच्या तालमींत पिढ्यान् पिढ्या जोर आणि बैठकांवर शरीरं घडली. पलंगाशेजारच्या सतरंजीवर जोर-बैठकांचे तीन फेर काढायला पाव तास पुरतो, आणि खुर्चीत दिवसभर दबून राहिलेल्या मांड्यांना आणि कमरेला नेमकं तेच हवं असतं. त्यात सूर्यनमस्कार घातलेस तर पाठही मोकळी होईल. जिमला जायचंय तर जा, पण फी महिन्याची भर, वर्षाची नाही.

धावायला हायवेचा सर्व्हिस रोड निवडू नकोस. तू बाणेरला राहतोस, बाणेर-पाषाण टेकडी तुझ्या दाराशी आहे. सुट्टीच्या दिवशी वेताळ टेकडीवर जा. आणि महिन्यातून एकदा तरी सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने जा, गाडीरस्त्याने नको. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे आणि त्यातली जवळपास ६०० मीटरची चढण तू स्वतःच्या पायांनी चढतोस. पहाटे नीघ, उन्हाच्या आधी वर पोहोच. दम लागला तर खुशाल थांब. तिथे सत्तरीचे आजोबा तुझ्या पुढे जातील, त्यांच्याशी शर्यत लावू नकोस. चढताना दमतात छाती आणि पोटरी, पण खरी परीक्षा उतरताना असते. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतो, म्हणून दोन दिवस ऑफिसचा जिना उतरणं जड जातं. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त जाणवतं आणि आपोआप जातं. गुडघ्याच्या सांध्यात कळ आली तर मात्र ते वेगळं, तेव्हा डॉक्टर गाठ. उतरताना पावलं लहान टाक. आणि वर पिठलं-भाकरी खाताना संकोच करू नकोस, तू ती कमावलेली असते.

खाण्याबद्दल फार सांगत नाही, घरून डबा येतो हे तुझं भाग्य आहे. फक्त डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ रोज असू दे. आपल्याकडे प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे तुझ्या सत्तर किलोला साधारण ५८ ग्रॅम. पोळी-भाजी आणि रात्रीच्या कॉलचा बिस्किटांचा पुडा यांत हा आकडा गाठला जात नाही. तू अंडी खात नाहीस, तेव्हा कंपनीच्या वार्षिक तपासणीत बी-१२ सांगून करून घे. दिवसभर काचेआड बसतोस, म्हणून डी जीवनसत्त्वही.

शेवटी विचारलं होतंस, आधी स्मार्टवॉच घेऊ की बूट. बूट घे. घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित पसरलेले असतात. धावताना घालतोस तेच मोजे बरोबर ने, आणि अंगठ्यापुढे थोडी जागा उरते ना ते उभं राहून बघ.

तुझा,
दादा