आजीच्या ओव्या आधी लिहून घ्या

प्रश्न : ताई, आमची आजी माळकरी होती. गेल्या माघात गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढून भावकीत वाटायचं ठरलंय. पण लिहायला बसलो की 'प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू' याच्या पुढे काही सुचत नाही. काय लिहावं? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : 'श्रद्धाळू' गाळा आणि आजी एकादशीला काय करायची ते लिहा. निरंकार राहायची की भगर खायची? माझी आईही माळकरी. वडील आणि भाऊ मटण खायचे. तेव्हा ती आपली चूल अंगणात वेगळी मांडायची, पण त्यांच्या भाकरी स्वतःच थापून द्यायची. 'सोडा' असं कधी कुणाला म्हणाली नाही. एवढं सांगितलं तरी माझ्या मुलींना त्यांची आजी कळते.

तुम्ही इंदापूरचे, म्हणजे तुकोबांची पालखी तुमच्या गावातच मुक्कामाला. आजी दिंडीत चालायची, की वाटेवर पिठलं-भाकरी घेऊन उभी राहायची? लेकरं लहान होती तेव्हा कुणाकडे ठेवून गेली? बेलवाडीचं रिंगण, सराटीचं नीरास्नान यांबद्दल घरी येऊन काय सांगायची? तिच्या लेकांपेक्षा हे दिंडीतल्या बायांना जास्त ठाऊक असेल. त्याही आता थकल्या असतील, म्हणून या आठवड्यातच जा.

आणि सगळ्यात आधी तिच्या ओव्या. दळताना बाई लेकाचं, भावाचं, नातवाचं नाव घेते आणि पुढच्याच ओवीत विठ्ठलाला भाऊ करून घरी बोलावते. तिची माया आणि भक्ती तिथे वेगळी काढताच येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. पिठाची गिरणी आली, घरचं जातं बंद पडलं आणि गाण्याची वेळच गेली.

नुसतं 'ओव्या म्हणा' म्हटलं तर म्हाताऱ्या बायांना आठवत नाही. घरातलं जातं बाहेर काढा, मूठभर जोंधळे घाला, खुंटा आजीच्या जोडीदारणीच्या हातात द्या आणि समोर दुसरीला बसवा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. ओव्या येतील. त्या 'इठ्ठल' म्हणाल्या तर 'इठ्ठल'च लिहा, शुद्ध करू नका.

सुनांनाही विचारा. आजी पंधरा-वीस दिवस वारीला जायची तेव्हा गुरं, धारा, स्वयंपाक त्यांनीच ओढलाय. एखादी म्हणेल, 'सासूबाई निघाल्या की ऐन पेरणी माझ्या अंगावर पडायची.' तेही छापा, तिच्या नावानिशी.