लेकीचे लेकरू

अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत 1932 साली सापडलेल्या आंफारेती या स्त्रीच्या संगमरवरी स्मृतिशिळेवरील ग्रीक लेखाचे भाषांतर करताना त्यातील तिच्या लेकीच्या मुलाला ‘नातू’ म्हणावे, ‘नात’ म्हणावे की ‘अर्भक’, असा प्रश्न आला आहे. माझे मत ‘लेकरू’ या शब्दाकडे झुकते.

इसवी सन पूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या शिळेवर खुर्चीत बसलेल्या स्त्रीच्या एका हातात कपड्यात गुंडाळलेले मूल आहे, तर दुसऱ्या हातातील इवलासा पक्षी ती त्याला दाखवत आहे. स्त्रीचा चेहरा इतका तरुण कोरलेला आहे की लेख नसता, तर कोणीही तिला आईच समजला असता. ती आजी आहे हे केवळ शब्दांमुळे कळते, म्हणूनच येथे शब्द जपून निवडायला हवा.

मूळ ग्रीक लेखात मुलासाठी आलेला ‘तेक्नोन’ हा नपुंसकलिंगी शब्द असून तो ‘जन्म देणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मूल मुलगा होते की मुलगी, हे तो शब्द सांगत नाही. त्यामुळे ‘नातू’, ‘नात’ आणि श्राद्धविधीतला ‘दौहित्र’ हे तिन्ही बाद होतात. ‘अर्भक’ आणि ‘बाळ’ वय सांगतात, नाते नव्हे. ‘नातवंड’ लिंगाच्या दृष्टीने चालेल, पण त्यात मधली लेक दिसेनाशी होते आणि मूळ लेखात तर ती स्पष्ट आहे. ‘लेकीचे लेकरू’ यात नपुंसकलिंग, नाते आणि माया हे सारेच येते.

शेवटच्या ओळीत ‘फ्थिमेनोन फ्थिमेने’ असा ‘मृत’ या अर्थाचा एकच शब्द आधी लेकरासाठी व लगेच आजीसाठी स्त्रीलिंगात येतो. त्याचा धातू संस्कृत ‘क्षि’चा, म्हणजे आपल्या ‘क्षय’चा सगोत्र आहे, तेव्हा ‘मेलेले’ हा शब्द मला जरा रांगडा वाटतो. ‘गेलेले’, ‘गेलेली’ म्हटले की केवळ शेवटचा स्वर बदलतो आणि मुळातली जोडी जशीच्या तशी उतरते. मी असे भाषांतर करीन:

‘माझ्या लेकीचे हे लाडके लेकरू मी घेऊन बसले आहे. आम्ही जिवंत होतो, डोळ्यांनी सूर्याचा प्रकाश पाहत होतो, तेव्हाही ते माझ्या मांडीवर असे. आता गेलेले ते गेलेली मी घेऊन बसले आहे.’